पिप म्हणतो ‘बसलं’, पायथन म्हणतो ‘सापडत नाही’: मॉड्यूल बांधण्याबद्दल आणि बसवण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पाच-सहा फायलींचं एक पायथन मॉड्यूल लिहिलंय, त्याला आपण टेक्स्टकिट म्हणू. सोबत शब्दांची यादी असलेली एक जेसन फाइल आहे. तुमच्या मशीनवर सगळं सुरळीत चालतं. एका सहकाऱ्याकडे पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं अवजार) ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ म्हणतो, पण प्रोग्रॅम चालवला की ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’. दुसऱ्याकडे इम्पोर्ट होतं, पण जेसन फाइल सापडत नाही. तिसऱ्याच्या लिनक्सवर तर पिप बसवायलाच नकार देतो. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे बांधणीच्या सूचनांसाठी सेटअप.पीवाय ही फाइल लिहायची की पायप्रोजेक्ट.टॉमल, याबद्दल नेटवर दहा जणांची अकरा मतं.

या तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांचं मूळ दोनच गोष्टींत आहे: फायली नेमक्या कुठल्या पायथनमध्ये गेल्या, आणि बसवायला दिलेल्या गठ्ठ्यात (पॅकेजमध्ये) मुळात कुठल्या फायली होत्या. या दोन्ही गोष्टी डोळ्यांनी बघता येतात. अंदाजाने कमांड बदलत बसण्याआधी त्या बघाव्यात, एवढंच माझं सांगणं आहे. बाकीचा मजकूर म्हणजे त्या कशा बघायच्या याचा तपशील.

पहिली तक्रार घेऊ. पायथनचं मॉड्यूल बसवणं म्हणजे काही फायली साइट-पॅकेजेस नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवणं. सिस्टमभर कुठे नोंदणी होत नाही. मेख एवढीच की मशीनवर जितके पायथन, तितकी साइट-पॅकेजेस फोल्डरं. सिस्टमसोबत आलेला एक पायथन, तुम्ही वेगळा उतरवलेला दुसरा, एडिटरने प्रकल्पासाठी बनवून दिलेला तिसरा आणि कोंडा (पायथन आणि पॅकेजेस सांभाळणारं वेगळं अवजार) असेल तर चौथा. टर्मिनलमध्ये नुसतं ‘पिप’ लिहिलं की पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) जो पिप आधी सापडेल तो धावतो, आणि तो त्याच्या मालकाच्या फोल्डरमध्ये फायली टाकून मोकळा होतो. प्रोग्रॅम मात्र एडिटर भलत्याच पायथनने चालवत असतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणून सहकाऱ्याला दोन गोष्टी करायला सांगा. जो प्रोग्रॅम पडतोय त्याच्या अगदी पहिल्या ओळीत सिस मॉड्यूल इम्पोर्ट करून ‘सिस.एक्झिक्युटेबल’ छापायचं. मग टर्मिनलमध्ये ‘पिप --व्हर्जन’ चालवायचं. हा पिप आपल्या आवृत्तीसोबत आपण कुठल्या फोल्डरात राहतो आणि कुठल्या पायथनचे आहोत हेही छापतो. दोन्हीकडचे पत्ते जुळले नाहीत तर निदान झालं. उपाय म्हणजे पिपला नेहमी पायथनच्या तोंडून बोलवायचं: ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल टेक्स्टकिट’. इथे ‘पायथन’च्या जागी सिस.एक्झिक्युटेबलने दाखवलेला पूर्ण पत्ता दिला तर चुकायला जागाच उरत नाही. ज्युपिटर नोटबुकमध्ये हाच घोळ उद्गारचिन्हाच्या पिपने होतो. तो शेलमधला पिप असतो, त्यामुळे त्याचा नोटबुकच्या कर्नलशी (नोटबुकमधला कोड चालवणाऱ्या पायथनशी) संबंध असेलच असं नाही. तिथे टक्केवारीच्या चिन्हाने सुरू होणारा पिप वापरावा, तो चालू कर्नलच्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये (त्या पायथनच्या आणि त्याच्या पॅकेजेसच्या जागेत) बसवतो.

पत्ते जुळले आणि तरीही इम्पोर्ट होत नसेल तर तीन शक्यता उरतात. बसवायचं नाव आणि इम्पोर्टचं नाव एकच असलं पाहिजे असा नियम नाही. पिलो बसवतात आणि पीआयएल इम्पोर्ट करतात, पायवायएएमएल बसवून यामल, सायकिट-लर्न बसवून एसकेलर्न. दुसरी शक्यता म्हणजे सहकाऱ्याच्याच फोल्डरमध्ये टेक्स्टकिट.पीवाय नावाची एखादी चाचणीसाठी लिहिलेली फाइल पडून आहे. चालवलेल्या स्क्रिप्टचं फोल्डर शोधाच्या यादीत सर्वांत वर असतं, त्यामुळे घरची फाइल बसवलेल्या मॉड्यूलला झाकून टाकते. नवखे लोक रँडम.पीवाय नावाची फाइल लिहितात आणि मग प्रमाण लायब्ररीतलं रँडम बिघडलं म्हणून हैराण होतात, तीच ही गोष्ट. तिसरी शक्यता मला तुमच्या बाबतीत सर्वांत दाट वाटते: गठ्ठा रिकामा होता.

हो, रिकामा गठ्ठाही यशस्वीपणे बसतो. ‘पायथन -एम पिप शो -एफ टेक्स्टकिट’ चालवा. बसवलेल्या प्रत्येक फाइलची यादी येईल. त्यात फक्त ‘डिस्ट-इन्फो’ने संपणाऱ्या फोल्डरातल्या चार-पाच फायली दिसल्या आणि तुमची एकही पीवाय फाइल दिसली नाही, तर पिपने नाव, आवृत्ती, परवाना सगळं नीट बसवलं, फक्त कोड सोडून. पिपचा दोष नाही. त्याला जे दिलं ते त्याने ठेवलं.

इथून आपण बांधणीकडे वळतो.

आज पायथनमध्ये वाटपाचे दोन प्रकार आहेत. एसडिस्ट म्हणजे मूळ सोर्सचा टार.जीझेड गठ्ठा. व्हील म्हणजे बसवायला तयार असलेला गठ्ठा, डब्ल्यूएचएल एक्स्टेन्शनचा. व्हीलचा प्रस्ताव पेप 427 (पेप म्हणजे पायथनमधल्या सुधारणेचा अधिकृत प्रस्ताव) म्हणून 2012 साली मांडला गेला आणि पुढच्या वर्षी स्वीकारला गेला. त्यामागचा विचार साधा होता: बांधणी एकदाच, बांधणाऱ्याच्या मशीनवर व्हावी आणि बसवणाऱ्याकडे फक्त फायली उलगडल्या जाव्यात. व्हील ही खरं तर झिप फाइलच आहे, त्यामुळे ती उघडून बघायला वेगळं अवजार लागत नाही. प्रकल्पाच्या फोल्डरात ‘पायथन -एम बिल्ड’ चालवा (बिल्ड हे पॅकेज आधी बसवावं लागतं), डिस्ट फोल्डरात दोन्ही गठ्ठे तयार होतील. मग ‘पायथन -एम झिपफाइल -एल’ आणि पुढे व्हीलचं नाव द्या.

नीट बांधलेल्या व्हीलमध्ये दोन फोल्डरं दिसतात. एक टेक्स्टकिट, त्यात तुमच्या पाच-सहा पीवाय फायली आणि ती जेसन. दुसरं टेक्स्टकिट-0.1.0.डिस्ट-इन्फो. त्यातल्या मेटाडेटा फाइलमध्ये नाव, आवृत्ती, लागणारी इतर पॅकेजेस. व्हील नावाच्या फाइलमध्ये हा गठ्ठा कुठल्या टॅगचा आहे ते. आणि रेकॉर्डमध्ये प्रत्येक फाइलचा मार्ग, हॅश आणि आकार, ओळीला एक. पिप अनइन्स्टॉल करतो तेव्हा हीच रेकॉर्ड फाइल वाचून तेवढ्याच फायली उचलतो. म्हणूनच टेक्स्टकिटसोबत आलेली बाकीची पॅकेजेस अनइन्स्टॉल केल्यावरही तशीच राहतात. त्यांचं रेकॉर्ड त्यांच्याकडे.

नावही वाचून ठेवा: टेक्स्टकिट-0.1.0-पीवाय3-नन-एनी. पायथन 3 ची कुठलीही आवृत्ती, कुठलंही एबीआयचं (कंपाइल केलेल्या कोडच्या जुळणीचं) बंधन नाही, कुठलाही प्लॅटफॉर्म. निव्वळ पायथनच्या मॉड्यूलसाठी हेच हवं. सी एक्स्टेन्शन (सी भाषेत लिहिलेला, कंपाइल करावा लागणारा भाग) असेल तर त्या जागी सीपी312, मॅनीलिनक्स, विन एएमडी64 अशा गोष्टी येतात. पिप बसवणाऱ्याच्या मशीनला जुळणारा टॅग शोधतो आणि तसं व्हील मिळालं नाही तर मुकाट्याने एसडिस्ट उतरवून तिथल्या तिथे बांधायला घेतो. ‘पायथन.एच सापडत नाही’ किंवा विंडोजवर ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ 14.0 हवं’ ही एरर दिसली की ओळखावं: तुमच्या मशीनसाठी व्हील नव्हतं. नुकत्याच आलेल्या पायथनवर घाईने उडी मारणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो, कारण मोठ्या पॅकेजेसची व्हील्स यायला थोडा वेळ लागतो. अशा वेळी कंपायलर शोधत बसण्यापेक्षा एक आवृत्ती मागचा पायथन घेणं सोपं. आल्पाइन लिनक्सवर सी लायब्ररी वेगळी, म्यूसल नावाची आहे, त्यामुळे तिथे मॅनीलिनक्सची व्हील्स चालत नाहीत, म्यूसललिनक्सची लागतात. कंटेनरची इमेज लहान व्हावी म्हणून आल्पाइन घेतात आणि मग अर्धा तास बांधणी बघत बसतात, असे लोक कमी नाहीत.

आता जेसन फाइल. इथे एकात एक अशा दोन चुका असतात, आणि एक दुरुस्त केली की दुसरी डोकं वर काढते.

पहिली: फाइल व्हीलमध्ये गेलेलीच नाही. सेटअपटूल्स हे बांधणीचं अवजार पीवाय फायली आपणहून घेतं, पण इतर फायली तुम्ही सांगितल्याशिवाय घेईलच असं नाही. त्यासाठी पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये टूल.सेटअपटूल्स.पॅकेज-डेटा या भागात टेक्स्टकिटच्या नावापुढे जेसनचा पॅटर्न द्यावा लागतो, किंवा मॅनिफेस्ट.इन फाइलमध्ये तिचा उल्लेख करावा लागतो. हॅचलिंग किंवा फ्लिट ही दुसरी अवजारं वापरली तर पॅकेजच्या फोल्डरातल्या सगळ्या फायली आपोआप जातात. हॅचलिंग फक्त गिटने दुर्लक्षित केलेल्या फायली वगळतं.

दुसरी चूक कोडमध्ये असते. ‘ओपन’ला नुसतं शब्द.जेसन दिलं की पायथन ती फाइल तुमच्या मॉड्यूलशेजारी शोधत नाही, ज्या फोल्डरात उभं राहून प्रोग्रॅम चालवला त्या फोल्डरात शोधतो. तुम्ही रोज प्रकल्पाच्याच फोल्डरात उभे असता म्हणून तुम्हाला ती सापडते. सहकारी दुसरीकडे उभा असतो. उपाय म्हणजे इम्पोर्टलिब.रिसोर्सेसमधलं फाइल्स हे फंक्शन, पायथन 3.9 पासून उपलब्ध. त्याला पॅकेजचं नाव द्यायचं, परत आलेल्या वस्तूला फाइलचं नाव जोडायचं आणि रीड_टेक्स्टने वाचायचं. एन्कोडिंग यूटीएफ-8 असं स्पष्ट लिहा, नाहीतर देवनागरी शब्दांची यादी एखाद्या विंडोज मशीनवर कचऱ्यासारखी दिसेल आणि तो आणखी एक वेगळाच प्रश्न होईल.

तुमच्याच मशीनवर या चुका का दिसत नाहीत? कारण तुमच्याकडे बसवलेलं मॉड्यूल चालतच नाही. तुम्ही प्रकल्पाच्या फोल्डरात असता, टेक्स्टकिटचं फोल्डर समोरच असतं, आणि पायथन तेच उचलतो. चाचण्याही त्याच्यावरच पास होतात. हे टाळायचं असेल तर एसआरसी नावाचं एक फोल्डर करा आणि टेक्स्टकिट त्याच्या आत हलवा. मग बसवल्याशिवाय इम्पोर्टच होत नाही, म्हणजे चाचणी खऱ्या गठ्ठ्याची होते. काही जाणकारांना ही उगाच जास्तीची पायरी वाटते. माझ्या मते पहिल्यांदा पॅकेज बांधणाऱ्याने ती घ्यावीच. त्यात आणखी एक फायदा: सेटअपटूल्सला पॅकेज आपोआप शोधायला सोपं जातं. एसआरसी नसलेल्या मोकळ्या रचनेत टेक्स्टकिटशेजारी डेटा, नोटबुक्स अशी फोल्डरं असली तर ते ‘एकापेक्षा जास्त पॅकेजेस सापडली’ म्हणून थांबतं, आणि पॅकेजची यादी हाताने चुकीची लिहिली की मघाचा रिकामा गठ्ठा जन्माला येतो. काम करताना दर वेळी पुन्हा बसवायला नको म्हणून ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल -ई .’ वापरा, त्यात बसवलेलं पॅकेज तुमच्या सोर्सकडेच बोट दाखवतं. मात्र दुसऱ्याला देण्याआधी एकदा तरी खरं व्हील नव्या, कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, प्रकल्पाच्या फोल्डराबाहेर उभं राहून बसवून बघाच. -ई ने बसवलं तर जेसन गठ्ठ्यात गेलेली नाही हे लक्षातच येत नाही.

सेटअप.पीवाय की पायप्रोजेक्ट.टॉमल? नवीन कामासाठी पायप्रोजेक्ट.टॉमल, विषय संपला. नेटवरची मतं एकमेकांशी भांडतात कारण ती वेगवेगळ्या काळातली आहेत. डिस्टयूटिल्स हे बांधणीचं जुनं अवजार 2000 साली पायथनसोबत आलं, त्यावर 2004 मध्ये सेटअपटूल्स उभं राहिलं, 2008 मध्ये पिप आला. या सगळ्यांच्या मध्यभागी सेटअप.पीवाय होती, आणि ती पूर्ण प्रोग्रॅम असल्यामुळे पॅकेजला काय काय लागतं हे कळायलासुद्धा ती चालवावी लागे. चालवायची तर आधी तिला लागणारी अवजारं हवीत, आणि ती कुठली हे त्या फाइलच्याच आत लिहिलेलं. हा तिढा सुटावा म्हणून 2016 च्या पेप 518 ने पायप्रोजेक्ट.टॉमल आणली, आणि 2020 च्या पेप 621 ने नाव, आवृत्ती वगैरे माहिती त्यात कशी लिहायची ते ठरवलं. सेटअपटूल्सने ही पद्धत 2022 मध्ये स्वीकारली. डिस्टयूटिल्स पायथन 3.12 मधून, म्हणजे ऑक्टोबर 2023 मध्ये, काढून टाकलं गेलं. त्याच आवृत्तीपासून नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका प्रकल्पापुरत्या वेगळ्या पायथनमध्ये) सेटअपटूल्स आपोआप येत नाही. जुनी पॅकेजेस ‘डिस्टयूटिल्स नाही’ म्हणत अचानक पडू लागली ती यामुळे.

तुमच्या फाइलमध्ये दोन भाग पुरेत. बिल्ड-सिस्टिममध्ये कुठलं बांधणीचं अवजार हवं ते (मी नव्या कामाला हॅचलिंग घेतो, कारण सांगावं कमी लागतं), आणि प्रोजेक्टमध्ये नाव, आवृत्ती, रिक्वायर्स-पायथन (कुठला पायथन चालेल) आणि डिपेंडन्सीज (लागणारी इतर पॅकेजेस). कमांड लाइनवरून चालवायचं असेल तर प्रोजेक्ट.स्क्रिप्ट्समध्ये एक ओळ. एवढ्याने भागतं. सी एक्स्टेन्शनसाठी सेटअप.पीवाय अजूनही लिहितात, त्यात गैर काही नाही, पण ‘पायथन सेटअप.पीवाय इन्स्टॉल’ हे कुठे वाचलंत तर ते पान बंद करा.

डिपेंडन्सीज लिहिताना लोक पिप फ्रीझची, म्हणजे बसलेल्या पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची, सगळी यादी तिथे चिकटवतात. टेक्स्टकिट ही लायब्ररी आहे, ती दुसऱ्यांच्या प्रकल्पात राहणार. तिने दहा पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या मागितल्या आणि शेजारच्या लायब्ररीने दुसऱ्या मागितल्या की दोघी एकत्र नांदू शकत नाहीत. 2020 च्या शेवटी आलेल्या पिप 20.3 पासून नवा रिझॉल्व्हर (जुळणाऱ्या आवृत्त्या शोधणारा पिपचा भाग) अशा वेळी साफ नकार देतो. आधीचा पिप काहीतरी बसवून टाकायचा आणि प्रोग्रॅम नंतर कुठेतरी कोलमडायचा. लायब्ररीने खालची मर्यादा द्यावी आणि वरची फक्त तिथे, जिथे नव्या आवृत्तीत मोडतं हे माहीत आहे. रिक्वायर्स-पायथनला तर वरची मर्यादा देऊच नका. नवा पायथन आला की पिप तुमची ती आवृत्ती सोडून मर्यादा नसलेली एखादी जुनी आवृत्ती शोधत मागे जातो आणि तीच बसवतो. नेमक्या आवृत्त्यांची यादी लिहायची ती शेवटच्या ॲप्लिकेशनसाठी, सर्व्हरवर जाणाऱ्या वस्तूसाठी, आणि तिथे शक्य असेल तर हॅशसकट.

तिसरा सहकारी, ज्याला पिप नकार देतो. त्याला ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असं काहीतरी दिसत असणार. पेप 668 चा हा परिणाम, डेबियन 12 मध्ये 2023 साली आला. सिस्टमची काही अवजारं तिच्याच पायथनवर चालतात, आणि पिपने त्या फोल्डरातलं एखादं पॅकेज वरखाली केलं तर ती अवजारं बंद पडू शकतात. नकार तुमच्या भल्यासाठी आहे. ‘--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्याय देऊन पुढे जाता येतं, पण त्याचं नावच पुरेसं बोलकं आहे. सुडो लावून, म्हणजे सिस्टमच्या पूर्ण अधिकाराने, पिप चालवणं हेही त्याच माळेतलं. ‘पायथन3 -एम व्हीएनव्ही .व्हीएनव्ही’ चालवून व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर बनवायला सांगा आणि त्या फोल्डरातल्या पायथनने बसवायला सांगा. डेबियनवर व्हीएनव्हीचं पॅकेज सिस्टमकडून वेगळं बसवावं लागू शकतं. ॲक्टिव्हेट करणं सोयीचं आहे, सक्तीचं नाही: आतल्या पायथनचा पत्ता थेट दिला तरी तेच होतं. एक लक्षात ठेवायचं, हे फोल्डर उचलून दुसरीकडे नेऊ नये. आतल्या स्क्रिप्टमध्ये पायथनचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो. नव्या जागी नवीन बनवावं. 2024 मध्ये आलेलं यूव्ही नावाचं अवजार हे काम फार झपाट्याने करतं आणि मी ते आवडीने वापरतो, पण ते खाली याच व्हीएनव्ही आणि व्हील्सवर उभं आहे.

सुरक्षेबद्दल दोनच गोष्टी, कारण बाकीच्या सर्वांना ठाऊक असतात. एसडिस्ट बसवणं म्हणजे अनोळखी माणसाचा बांधणीचा कोड आपल्या मशीनवर चालवणं. फक्त उतरवून घेताना, म्हणजे पिप डाउनलोड करतानाही तो चालू शकतो. खात्री नसेल तिथे ‘--ओन्ली-बायनरी :ऑल:’ द्या. दुसरी गोष्ट कार्यालयातला खासगी इंडेक्स (पिप जिथून पॅकेजेस उतरवतो ते भांडार) असेल तर. ‘--एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल’ दिलं की पिप दोन्ही इंडेक्सना सारखंच मानतो आणि जिथे वरची आवृत्ती दिसेल तिथून घेतो. तुमच्या खासगी पॅकेजच्या नावाने पायपीआयवर (सर्वांना खुल्या सार्वजनिक इंडेक्सवर) कोणी 99.0 आवृत्ती टाकली तर तीच बसेल. 2021 मध्ये एका सुरक्षा संशोधकाने नेमक्या याच वाटेने अनेक मोठ्या कंपन्यांच्या आत आपला निरुपद्रवी कोड चालवून दाखवला होता. खासगी इंडेक्सच मुख्य ठेवावा, आणि पायपीआय हवा असेल तर तो त्या खासगी इंडेक्समार्फतच घ्यावा.

पायपीआयवर टाकायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. आधी टेस्टपायपीआयवर सराव करा, अपलोडला ट्वाइन हे अवजार वापरा. 2024 च्या सुरुवातीपासून खात्याला दुहेरी पडताळणी लागते. एकदा चढवलेल्या फाइलचं नाव पुन्हा वापरता येत नाही, फाइल काढून टाकली तरी नाही. चुकलं तर आवृत्तीचा आकडा वाढवून पुन्हा टाकायचं आणि जुनी यँक करायची. यँक केलेली आवृत्ती नव्याने कोणाला आपणहून मिळत नाही, पण जे तिचा नेमका आकडा लिहून बसले आहेत त्यांचं काम अडत नाही.

तुमचे तीनच सहकारी असतील तर मात्र यातलं काहीही नको. व्हील फाइल त्यांना पाठवा. ते ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ पुढे त्या फाइलचा मार्ग देतील, किंवा कोड गिटवर असेल तर गिट+एचटीटीपीएसने सुरू होणारा पत्ता. फक्त कोड बदलला की आवृत्तीचा आकडाही बदला. 0.1.0 बसलेलं असताना दुसरं 0.1.0 दिलं तर पिप ‘हीच आवृत्ती आधीच बसलेली आहे’ म्हणून हात लावत नाही, आणि सहकारी जुनाच कोड चालवत तुम्हाला दुरुस्ती झालीच नाही असं कळवत राहतो.